संस्कारांचे वेळापत्रक : अमेरिकेतील ज्यू उन्हाळी शिबिरे

अमेरिका आणि कॅनडातील बहुतेक शाळांना साधारण जून ते ऑगस्टच्या दरम्यान सुट्टी असते. या काळात लाखो मुले घर सोडून तळ्याकाठच्या किंवा पाइनच्या रानातल्या निवासी शिबिरांत राहायला जातात. या पद्धतीला ज्यू समाजाने गेल्या सव्वाशे वर्षांत स्वतःचे वळण दिले. सेवाभावी ज्यू संस्थांची दीडशेहून अधिक निवासी शिबिरे आज उत्तर अमेरिकेत चालतात आणि दर उन्हाळ्यात पाऊण लाखाच्या आसपास मुले त्यांत मुक्काम करतात. मुलांचे वय साधारण ८ ते १६. मुक्काम एखाद्या आठवड्यापासून सात-आठ आठवड्यांपर्यंत. एका लाकडी खोलीत दहा-बारा मुले, आणि त्यांच्याबरोबर तिथेच झोपणारे, जेमतेम विशी गाठलेले दोन-तीन दादा किंवा ताया.

पोहणे, होडी वल्हवणे, नाटक, बास्केटबॉल, शेकोटी हे सारे इतर कोणत्याही अमेरिकी शिबिरासारखेच असते. पालकांची अपेक्षा मात्र त्यापलीकडची असते. धर्माची ओळख व्हावी, हिब्रूचे चार शब्द कानावर पडावेत, समाजातले मित्र मिळावेत, आणि मूल ‘मेन्श’ होऊन घरी यावे. मेन्श हा यिडिशमधला, म्हणजे पूर्व युरोपीय ज्यूंच्या बोलीतला, शब्द सरळ, भरवशाच्या, दुसऱ्याची कदर करणाऱ्या माणसासाठी वापरतात. ज्यू घरांत मुलाच्या कौतुकाचा याहून मोठा शब्द क्वचितच निघतो.

असा माणूस घडवण्यासाठी शिबिराच्या वेळापत्रकात स्वतंत्र तास नसतो. अंथरूण आवरणे, जेवणाचे टेबल पुसणे, भांडण मिटवणे, शुक्रवारी अंघोळीसाठी रांग लावणे यांची मांडणीच अशी केलेली असते, की चांगले वागण्याची गरज दिवसातून अनेकदा पडते.

हवापालटापासून हिब्रूपर्यंत

१८८० नंतरच्या चार दशकांत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यांतले असंख्य लोक न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या अंधाऱ्या चाळींत राहिले. कोंदट खोल्या, शिवणकामाचे कारखाने आणि क्षयरोग हे तिथले रोजचे वास्तव होते. आधी येऊन स्थिरावलेल्या, मुख्यतः जर्मन वंशाच्या ज्यू कुटुंबांनी या नवागतांसाठी सुट्टीतल्या मुक्कामाची सोय केली. १८९३ मध्ये कारखान्यांत राबणाऱ्या ज्यू तरुणींसाठी अशी एक संस्था निघाली. १९०२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कोल्ड स्प्रिंगजवळ मुलांसाठी ‘सरप्राइज लेक कॅम्प’ सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. पुढे रंगभूमी आणि रेडिओ गाजवणारा विनोदी नट एडी कँटर लहानपणी याच शिबिरात गेला होता. मोठेपणी त्याने शिबिरासाठी निधीही उभा केला.

या पहिल्या पिढीतल्या शिबिरांची चारित्र्याची कल्पना साधी होती. स्वच्छता, टापटीप, वेळ पाळणे, जेवताना नीट बसणे, इंग्रजी बोलणे आणि लवकरात लवकर अमेरिकी होणे. उपकार करणाऱ्यांनी उपकृतांना शहाणे करावे असा सूर त्यात होता, आणि धर्माला फारशी जागा नव्हती.

हा सूर १९१९ मध्ये बदलू लागला. त्या वर्षी अल्बर्ट शूलमन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल ज्यूइश इन्स्टिट्यूटतर्फे ‘सेजविन’ शिबिर काढले. शूलमन हे सॅमसन बेंडर्ली यांच्या तालमीत तयार झालेले. बेंडर्ली यांनी डॉक्टरी सोडून शिक्षणाला वाहून घेतले होते आणि १९१० पासून ते न्यूयॉर्कच्या ज्यू शिक्षण मंडळाचे प्रमुख होते. मुलांना ज्यू जीवन समजावून सांगण्यापेक्षा काही आठवडे ते जगू द्यावे, ही सेजविनमागची कल्पना होती. शाळेनंतरच्या कंटाळवाण्या धर्मवर्गात जे साधत नव्हते ते इथे साधेल असा हिशेब होता.

१९२३ मध्ये ‘बॉयबेरिक’ आणि ‘किंडरलँड’ ही यिडिश शिबिरे निघाली. त्यांचा भर धर्मापेक्षा भाषेवर, लोकसंस्कृतीवर आणि सामाजिक न्यायावर होता. किंडरलँडमागे डाव्या विचारांची कामगार चळवळ होती. श्रमाचा मान, समता, संपकऱ्यांशी एकजूट हीच तिथल्या मुलांची नीती. त्याच सुमारास ज्यूंच्या राष्ट्रभूमीसाठी झटणाऱ्या झायनवादी युवक संघटनांनी शेतकाम आणि सामुदायिक राहणीची शिबिरे उभारली. तिथले आदर्श पॅलेस्टाइनमधल्या किबुत्झचे, म्हणजे सामुदायिक शेतवस्त्यांचे, होते.

१९४१ मध्ये श्लोमो शुलसिंगर यांनी ‘मसाद’ हे फक्त हिब्रू बोलणारे शिबिर सुरू केले. तिथे बेसबॉलच्या खेळासाठीसुद्धा हिब्रू शब्द तयार करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपीय ज्यूंच्या संहारानंतर या प्रयत्नांना निकड आली. विद्येची जुनी केंद्रे नष्ट झाली होती, आता शिक्षक आणि नेते अमेरिकेतच तयार व्हायला हवे होते. १९४७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचे पहिले ‘रामा’ शिबिर विस्कॉन्सिन राज्यात कॉनोव्हर इथे भरले. त्यामागे ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे मोशे डेव्हिस आणि सिल्व्हिया एटनबर्ग होते. १९५२ मध्ये त्याच राज्यात ओकोनोमोवोक इथे रिफॉर्म पंथाने आपले शिबिर उघडले. ऑर्थोडॉक्स शिबिरांची वेगळी साखळी समांतर वाढत होतीच. १९९८ मध्ये रॉबर्ट आणि एलिसा बिल्डनर यांनी ‘फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्प’ ही संस्था काढली आणि या सर्व पंथांच्या शिबिरांना प्रशिक्षण आणि अर्थसाहाय्याचे एक सामाईक छत्र मिळाले.

गुणांची वही आणि कृतीतून शिक्षण

शिबिरांच्या चारित्र्यविचारात दोन परंपरा मिसळल्या आहेत. पहिली ज्यू धर्मातली ‘मुसार’ परंपरा. धर्माचे नियम पाळणारा माणूस स्वभावाने चांगला असेलच असे नाही, स्वभावाला वेगळे वळण लावावे लागते, हे तिचे मूळ निरीक्षण. माणसाच्या गुणांना हिब्रूत ‘मिदोत’ म्हणतात. नम्रता, धीर, कृतज्ञता, जबाबदारी, व्यवस्थितपणा असे हे गुण. मोशे खायिम लुझ्झात्तो यांनी १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेसिलात येशारिम’ या ग्रंथात त्यांची पायरीपायरीने चर्चा आहे. १९ व्या शतकात लिथुआनियात रब्बी इस्रायल सलांतर यांनी या विचाराला चळवळीचे रूप दिले.

या परंपरेत एका अमेरिकी माणसाचाही वाटा आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात स्वतःच्या सुधारणेची एक युक्ती सांगितली आहे. तेरा गुण निवडायचे, आठवड्याला एकावर लक्ष द्यायचे, रोज रात्री वहीत चुकांची खूण करायची. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. गॅलिशियातले विद्वान मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी ही पद्धत उचलून १९ व्या शतकाच्या आरंभी ‘खेश्बोन हानेफेश’ हे हिब्रू पुस्तक लिहिले. सलांतर यांच्या वर्तुळात ते वाचले जाऊ लागले. पुढे नोव्हारदोक इथल्या पाठशाळेने याहून कडक सराव शोधले. लोक हसतील ही भीती मोडावी म्हणून तिथले विद्यार्थी औषधांच्या दुकानात जाऊन खिळे मागत. गुण वाचून अंगी येत नाहीत, त्यांचा सराव करावा लागतो, हे सूत्र मात्र सगळीकडे सारखे होते.

दुसरी परंपरा अमेरिकी शिक्षणशास्त्राची. जॉन ड्युई कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते आणि बेंडर्ली यांचे अनेक शिष्य त्याच विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात शिकले. मूल कृतीतून शिकते आणि शाळा हा छोटा समाज असतो, हे ड्युईंचे म्हणणे शिबिराला तंतोतंत लागू पडत होते. हेडली डिमॉक आणि चार्ल्स हेंड्री यांनी कॅनडातल्या एका शिबिराच्या निरीक्षणांवर १९२९ मध्ये ‘कॅम्पिंग अँड कॅरेक्टर’ हे पुस्तक लिहिले. ते शिबिर ज्यू नव्हते, पण मुलांच्या वर्तनाची पद्धतशीर नोंद ठेवता येते हे त्यातून सर्वांना दिसले. त्याच सुमारास ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी देऊन त्यांचे वागणे तपासले. वर्गात कॉपी न करणारा मुलगा खेळात लबाडी करताना आढळला. प्रामाणिकपणाच्या उपदेशाचा परिणाम नगण्य होता. मूल ज्या परिस्थितीत आणि ज्या गटात असते, त्यावर बरेच काही ठरत होते.

शिबिर चालवणाऱ्यांच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ सरळ होता. गट आणि परिस्थिती दोन्ही त्यांच्या हातात होती. शाळेला दिवसाचे सहा-सात तास मिळतात, शिबिराला सगळे चोवीस.

सकाळपासून रात्रीपर्यंत

न्याहारीनंतरचा पहिला कार्यक्रम बहुतेक शिबिरांत ‘निकायोन’, म्हणजे साफसफाई, हा असतो. कोणी झाडू मारायचा, कोणी न्हाणीघर धुवायचे, कोणी ओले टॉवेल वाळत घालायचे याचा तक्ता दारामागे लावलेला असतो. तपासणी होते, गुण मिळतात. एकाचा पलंग अस्ताव्यस्त राहिला तर गुण सगळ्या खोलीचे जातात. कामे रोज फिरती असतात, त्यामुळे न्हाणीघर कोणालाच चुकत नाही. घरी मोलकरीण असलेला मुलगा आणि शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा एकच झाडू वापरतात. जबाबदारीसाठी ‘अख्रायुत’ हा हिब्रू शब्द मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो बहुधा इथे.

भोजनगृहात जेवण मोठ्या भांड्यांतून टेबलावर येते आणि मुले एकमेकांना वाढतात. कोपऱ्यातल्या मुलापर्यंत बटाटे पोहोचले का, हे कोणीतरी पाहावे लागते. जेवणानंतरची आभाराची प्रार्थना टेबलावर ताल धरत, मोठ्याने गायली जाते आणि ‘हाकारात हातोव’, म्हणजे झालेल्या उपकाराची जाण, या गुणाचा धागा तिथून स्वयंपाक्यापर्यंत नेला जातो. काही शिबिरांत ताटात उरलेले अन्न तोलून त्या दिवसाचा आकडा जाहीर करतात. नासाडी टाळण्याच्या या नियमाला, ‘बाल तश्खित’ला, बायबलमधल्या वेढ्याच्या काळातही फळझाडे न तोडण्याच्या आज्ञेचा आधार आहे. न्यूयॉर्क राज्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एडन व्हिलेज’ शिबिराने तर सगळा कार्यक्रमच सेंद्रिय शेतीभोवती बांधला.

मोबाइल बहुतेक निवासी शिबिरांत चालत नाही. घराशी संपर्क पत्रांतून. त्यामुळे करमत नसले तर शेजारच्या पलंगावरच्या मुलाशी बोलण्यावाचून गत्यंतर नसते. त्यातूनच कुजबुज आणि चहाडीही वाढते. ज्यू धर्मशास्त्रात याबद्दल बारकाईने लिहिले गेले आहे. कोणाच्या पाठीमागे वाईट बोलणे, मग ते खरे असले तरी, ‘लाशोन हारा’ ठरते. बेलारूसमधल्या राडिन गावचे रब्बी इस्रायल मेइर कागन यांनी १८७३ मध्ये या एकाच विषयावर ‘खोफेत्स खायिम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे ते स्वतः याच नावाने ओळखले गेले. शिबिरात या ग्रंथातले नियम प्रसंगांच्या रूपाने येतात. संघ निवडताना एखाद्याला खेळता येत नाही हे सांगणे चालेल का? ताईला मैत्रिणीच्या उपाशी राहण्याबद्दल सांगणे ही चहाडी की काळजी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर परंपरेत स्पष्ट आहे. जिवाला धोका असेल तेव्हा गप्प राहणे हा दोष आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांत खोलीतली मुले एकत्र बसून आपापसातला करार लिहितात. दिवे कधी मालवायचे, दुसऱ्याच्या खाऊला हात लावायचा का, कोणी रडत असेल तर काय करायचे. नियम मुलांच्या शब्दांत असतात आणि खाली सगळ्यांच्या सह्या. पुढे भांडण झाले की दादा स्वतःचा हुकूम चालवण्याऐवजी या कागदाकडे बोट दाखवतो.

आठवड्याची घडी शब्बाताभोवती, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीदिनाभोवती, बसते. शुक्रवारी दुपारी खेळ थांबतात, खोल्या घासूनपुसून लख्ख होतात, मुले अंघोळ करून बहुधा पांढरे कपडे घालतात. तळ्याकाठी प्रार्थना, मग दिवे, द्राक्षरस, वेणीसारखा विणलेला पाव आणि लांबलेली गाणी. शनिवारी स्पर्धा नसते, गुण नसतात, धावपळ नसते. शनिवारी दुपारी ‘पिरकेइ अवोत’ या प्राचीन नीतिसंग्रहाचे वाचन होते. वल्हांडणानंतरच्या उन्हाळी शब्बातांना हा ग्रंथ वाचण्याची रूढी शिबिरांच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे शिबिरांना हे पाठ्यपुस्तक आयतेच मिळाले. वेणीची मेणबत्ती आणि मसाल्यांचा सुगंध यांनी ‘हावदाला’ हा शब्बाताचा निरोपविधी झाला की नवा आठवडा सुरू होतो. अनेक शिबिरांत आठवड्याचा एक गुण ठरलेला असतो. फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्पने त्यासाठी रसायनशास्त्रातल्या आवर्त सारणीच्या धर्तीवर मूल्यांचा एक तक्ताही तयार केला आहे.

उपवासाचा दिवस

ज्यू पंचांगातले मोठे सण शिबिराच्या काळात येत नाहीत. येतो तो एक शोकदिन, ‘तिशा ब’आव’, म्हणजे अव महिन्याची नवमी. जेरुसलेमचे पहिले आणि दुसरे मंदिर याच दिवशी नष्ट झाल्याचे मानतात. त्या रात्री मुले जमिनीवर बसून मेणबत्तीच्या किंवा विजेरीच्या उजेडात विलापगीते ऐकतात. मोठी मुले उपवास धरतात.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर पाडले. तालमूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथात त्याचे कारण लोकांमधला निष्कारण द्वेष असे दिले आहे, आणि त्याला एक गोष्ट जोडली आहे. एका श्रीमंताने काम्त्सा नावाच्या मित्राला मेजवानीला बोलावले. नोकराच्या गफलतीने आमंत्रण गेले बार काम्त्साला, जो त्याचा वैरी होता. यजमानाने त्याला पाहताच हाकलले. आपली शोभा होऊ नये म्हणून पाहुण्याने स्वतःच्या जेवणाचे, मग अर्ध्या मेजवानीचे, शेवटी सगळ्या मेजवानीचे पैसे देऊ केले. यजमान बधला नाही. पंक्तीला विद्वान बसलेले होते, त्यांच्यातला एकही बोलला नाही. अपमानित बार काम्त्साने सूड म्हणून रोमनांचे कान भरले आणि नगराचा नाश ओढवला.

शिबिरात ही गोष्ट ऐकून झाली की चर्चा बहुतेक वेळा त्या गप्प बसलेल्या विद्वानांवर येते. खोलीत एका मुलाला टोमणे बसत असतात तेव्हा टोमणे मारणारे दोघेच असतात, बाकीचे आठ जण ऐकत असतात. त्या आठांनी काय करायचे, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला नेमका कळतो. दादागिरी रोखण्याच्या आधुनिक शालेय कार्यक्रमांतही बघ्यांच्या भूमिकेवर भर असतो.

दादा, ताई आणि चुकीची दुरुस्ती

या सगळ्याचा भार उचलतो तो ‘मद्रिख’, मुलगी असेल तर ‘मद्रिखा’. हे बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी, आणि बरेचसे त्याच शिबिरात लहानाचे मोठे झालेले. मुलांना आईवडील जुने वाटतात, शिक्षक परके वाटतात. गिटार वाजवणारा, सामन्यात हरल्यावर हसत हात मिळवणारा वीस वर्षांचा दादा मात्र त्यांना हवाहवासा वाटतो. तो सकाळच्या प्रार्थनेला पाय ओढत आला तर मुलेही पाय ओढतात. ब्रँडाइस विद्यापीठाचे एमी सेल्स आणि लेनर्ड सॅक्स यांनी ज्यू शिबिरांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. या तरुण कार्यकर्त्यांचे शिक्षण हाही शिबिराच्या कामाचाच भाग मानावा, असे त्यांनी आग्रहाने मांडले. अनुभवी कार्यकर्त्यांसाठीची ‘कॉर्नरस्टोन’ ही प्रशिक्षण योजना त्यानंतरच्या काळात वाढली.

मुले येण्याआधी कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण होते. त्यात पोहण्याची सुरक्षितता आणि प्रथमोपचारांबरोबर बोलण्याच्या पद्धतीही शिकवतात. नुसते शाबास म्हणण्याऐवजी मुलाने काय केले ते नाव घेऊन सांगायचे: नव्या मुलाला तू तुझ्या संघात घेतलेस, ते मी पाहिले. चुकले तर बाजूला घेऊन बोलायचे. चुकणाऱ्याला त्याची चूक सांगणे ही बायबलची आज्ञा आहे, तिला ‘तोखेखा’ म्हणतात. पण चारचौघांत कोणाचा चेहरा उतरवणे तालमूदने रक्तपाताच्या पंक्तीला बसवले आहे. या दोन टोकांमधली वाट काढणे हेच मद्रिखाचे कौशल्य.

चूक दुरुस्त करण्याची रीतही परंपरेतूनच येते. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस यांनी ‘तेशुवा’, म्हणजे वळून परत येणे, याचे टप्पे सांगितले आहेत. चूक शब्दांत कबूल करणे, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, ज्याला दुखावले त्याच्याकडे जाऊन क्षमा मागणे आणि नुकसान भरून देणे. माणसाशी केलेला अपराध देवाची प्रार्थना करून फिटत नाही, आधी त्या माणसाचे समाधान करावे लागते. आणि बदल खरा कधी मानायचा? तोच प्रसंग पुन्हा आला आणि या वेळी माणूस वेगळा वागला तर. शिबिरात ही कसोटी लगेच लागते. ज्या मुलाचा चेंडू काल हिसकावला, तो आज शेजारीच जेवायला बसलेला असतो. तोंडदेखल्या ‘सॉरी’वर प्रकरण संपवण्याची सोय तिथे फारशी नसते.

स्पर्धा आणि समावेश

मुक्कामाच्या शेवटी अनेक शिबिरांत ‘मक्काबिया’ होते. सगळे शिबिर दोन किंवा चार रंगांच्या संघांत विभागून तीन-चार दिवस धावण्यापासून गाणी रचण्यापर्यंत स्पर्धा चालतात. मुलांना याचे वेड असते, शिक्षणतज्ज्ञांमध्ये मात्र त्यावरून जुना वाद आहे. मुझफ्फर शेरीफ या समाजमानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमात एका उन्हाळी शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच काही दिवसांत शिव्या, झेंडे जाळणे आणि खोल्यांवर छापे सुरू झाले. एकत्र सिनेमा दाखवून किंवा जेवू घालून वैर शमले नाही. शिबिराचे पाणी तुटले, सामानाचा ट्रक अडकला, तेव्हा मुलांनी मिळून काम केले आणि मग मैत्री झाली. रस्सीखेचीची तीच दोरी ट्रक ओढायला वापरली गेली.

काही शिबिरांनी मक्काबिया बंद केली. काहींनी तिची घडण बदलली: विजयाइतकेच गुण खिलाडूपणाला, भावंडे आणि एकाच खोलीतली मुले वेगवेगळ्या संघांत, शेवटच्या रात्री सगळ्यांचे एकत्र गाणे. हरल्यावर कसे वागायचे हे हरल्याशिवाय शिकता येत नाही, हा स्पर्धेच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नाही.

चारित्र्याच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी प्रयोग १९७० मध्ये झाला. हर्ब आणि बार्बरा ग्रीनबर्ग या विशेष शिक्षण क्षेत्रातल्या शिक्षक दांपत्याने बौद्धिक आणि विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांसाठी रामा शिबिरात ‘तिक्वा’ विभाग सुरू केला. सुरुवातीला विरोध झाला. इतर मुलांचे पालक नाराज होतील, कार्यक्रम विस्कळीत होईल अशी भीती होती. ग्लेन स्पे इथल्या शिबिराने तयारी दाखवली आणि पुढे हा विभाग मॅसॅच्युसेट्समध्ये गेला. आज रामाच्या शिबिरांतून तो रुळला आहे, आणि त्यातली मोठी मुले भोजनगृहात, बेकरीत, पाहुण्यांच्या खोल्यांत प्रशिक्षण घेऊन कामेही करतात. फायदा दोन्हीकडे झाला. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे हे धर्मवचन इतर मुले पूर्वी पाठ करत, आता वेगळ्या गतीने बोलणाऱ्या मित्राचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबताना त्याचा अर्थ त्यांना लावावा लागतो. ‘सावलानुत’, म्हणजे धीर, या गुणासाठी याहून चांगला सराव नाही.

पुरावा काय सांगतो

अमेरिकन कॅम्प असोसिएशनने ८० शिबिरांतल्या पाच हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी करून २००५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. आत्मविश्वास, स्वावलंबन, मैत्री जोडण्याची क्षमता यांत वाढ झाल्याचे पालकांनी, मुलांनी आणि कार्यकर्त्यांनीही सांगितले. मात्र ही सांगणाऱ्यांची मते आहेत, आणि तुलनेसाठी शिबिराला न गेलेल्या मुलांचा गट त्यात नव्हता. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात यल्डा उल्स आणि सहकाऱ्यांनी पडद्यांशिवाय पाच दिवस निसर्गशिबिरात राहिलेल्या सहावीच्या मुलांची तुलना घरी राहिलेल्यांशी केली. शिबिरातली मुले चेहऱ्यावरचे आणि देहबोलीतले भाव ओळखण्यात अधिक सुधारली. भाव ओळखणे म्हणजे दया नव्हे, पण दयेची ती पहिली पायरी आहे.

हार्टशोर्न आणि मे यांचा निष्कर्ष मात्र शिबिरवाल्यांच्याही आड येतो. वागणे परिस्थितीवर अवलंबून असेल तर परिस्थिती बदलल्यावर, म्हणजे घरी परतल्यावर, काय उरते? यावर उपाय म्हणून शिबिरे वर्षभर पुनर्भेटी घेतात, पालकांना त्या-त्या आठवड्याचा गुण कळवतात आणि त्याच मुलांना वर्षानुवर्षे परत बोलावतात. दहाव्या वर्षी आलेला मुलगा विसाव्या वर्षी मद्रिख होतो. ही साखळीच टिकाऊपणाची मुख्य हमी मानली जाते.

व्यवस्थेचे दोषही लहान नाहीत. निवासी शिबिराचा खर्च आठवड्याला हजार डॉलरच्या पुढे जातो. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ‘वन हॅपी कॅम्पर’ योजनेतून हजार डॉलरपर्यंत मदत मिळते, तरी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दार पूर्ण उघडत नाही. लोकप्रिय आणि नावडती अशी उतरंड खोल्यांमध्येही तयार होते, नव्या मुलांची थट्टा परंपरेच्या नावाखाली खपवली जाते. इतिहासकार सँड्रा फॉक्स यांच्या २०२३ मधल्या ‘द ज्यूज ऑफ समर’ या ग्रंथात, मोठ्यांनी आखलेल्या ध्येयांना मुलांनी आपल्या सोयीने कसे वाकवले आणि शिबिरात प्रेमप्रकरणांना कसे उत्तेजन मिळत गेले, याची साधार चर्चा आहे. लैंगिक छळाबद्दल अमेरिकेत उघड बोलले जाऊ लागल्यावर शिबिरांनाही आपली मोकळीक तपासावी लागली. कार्यकर्त्यांची पडताळणी, संमतीबद्दलचे शिक्षण आणि तक्रारीच्या वाटा यांवर आता प्रशिक्षणाचा मोठा भाग खर्च होतो. जिथे मूल सुरक्षित नाही तिथे गुणांचे तक्ते निरर्थक आहेत, हे या क्षेत्राला उशिरा पण नीट कळले.

ही पद्धत अमेरिकेपुरती राहिलेली नाही. हंगेरीतल्या सार्वाश इथे १९९० मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शिबिरात, साम्यवादी राजवटीत धर्मापासून तुटलेल्या पूर्व युरोपीय कुटुंबांची मुले येऊ लागली. पुढे इतर देशांतली मुलेही आली, त्यांत भारतातलीही होती. भारतातल्या ज्यूंमध्ये मराठी बोलणारे बेने इस्रायली संख्येने सर्वांत मोठे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाताची शिस्त त्यांनी शिबिरांशिवाय, घरातून आणि व्यवसायातून पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. अमेरिकी शिबिरांना नेमकी हीच घरची सवय काही आठवड्यांत उभी करावी लागते.

सव्वाशे वर्षांच्या या अनुभवाचा निष्कर्ष मर्यादित पण ठोस आहे. उपदेशाने मुले बदलतात याला पुरावा नाही. कामाची फिरती वाटणी, मुलांनीच लिहिलेले नियम, चूक भरून काढण्याची ठरलेली रीत, आठवड्यातला एक स्पर्धामुक्त दिवस आणि अनुकरण करावेसे वाटणारा थोडा मोठा दादा किंवा ताई, या पाच गोष्टी एकत्र आल्या तर मुले निदान त्या काळात चांगली वागतात. पुढे ती तशीच राहतील का, हे ती ज्या घरात आणि शाळेत परततात त्यांवर ठरते. मुलांसाठी शिबिर निवडणाऱ्या पालकांनी म्हणूनच माहितीपत्रकातल्या मूल्यांच्या यादीपेक्षा तिथल्या कार्यकर्त्यांची निवड, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्यावरची देखरेख यांची चौकशी आधी करावी.